काकांची हरकत

पुण्यातल्या प्रत्येक टेकडीला एक देऊळ, एक बंद पडलेली दगडखाण आणि एक काका असतो. देऊळ आणि खाण जागची हलत नाहीत. काका पहाटे साडेपाचला हलतात. हातात काठी, पायात मुलानं अमेरिकेतून आणलेले आणि मुलाच्याच मापाचे बूट, डोक्याला माकडटोपी आणि खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत पाण्याची बाटली, शिट्टी, मोजायची टेप आणि प्लॅस्टिकच्या पाकिटात विकास आराखड्याच्या नकाशाची घडी. घडी घालून घालून नकाशा विरला आहे आणि बाणेरचा बराचसा भाग त्यावरून नाहीसा झाला आहे. "प्रत्यक्षात तरी कुठे राहिलाय?" काका म्हणतात.

वेताळ टेकडीचे काका वेगळे, तळजाईचे वेगळे, हनुमान टेकडीचे वेगळे. हद्दी ठरलेल्या आहेत. एकमेकांच्या टेकडीवर जाणं-येणं असतं, पण लग्नात दुसऱ्याच्या व्याह्यांकडचं जेवण जेवून यावं तसं. चांगलं होतं म्हणायचं आणि मीठ कमी होतं हेही सांगायचं. "तुमच्याकडे मोर दिसतात का हो अजून?" असं तळजाईच्या काकांना विचारताना आमच्या काकांच्या आवाजात काळजीपेक्षा समाधान जास्त असतं.

आमचे काका पाषाण-बाणेरच्या अंगाचे. बँकेच्या तपासणी खात्यातून निवृत्त झालेले. दुसऱ्यांच्या हिशोबातल्या चुका काढण्याचा त्यांनी पस्तीस वर्षं पगार घेतला, आता तेच काम फुकट करतात. टेकडीच्या पायथ्याशी सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहतात. ती सोसायटी उभी राहिली तेव्हा तिथली टेकडी नाही तरी टेकडीची पावलं गेलीच होती. हा मुद्दा काढून त्यांना गप्प करता येईल असं प्रत्येक नव्या माणसाला वाटतं. काकांकडे उत्तर तयार असतं. "गाडीत चढलेला माणूसच आत जागा नाही म्हणून सांगू शकतो. फलाटावरच्याला काय दिसतंय?" हे उत्तर बरोबर आहे की नाही ते मला अजून ठरवता आलेलं नाही. देणाऱ्याला मात्र जराही संकोच नसतो.

टेकडी पाहायला मला ते मुद्दाम एप्रिलात घेऊन गेले. पावसाळ्यात काय, कोणीही प्रेमात पडतं. एप्रिलात समोर दिसतं ते वाळकं गवत, तापलेला काळा दगड, वणव्यानं जळालेले पट्टे, वन खात्यानं कधी काळी लावलेल्या गिरिपुष्पाच्या काटक्या आणि बिअरच्या बाटल्या. सात-बाराच्या उताऱ्यावर ही जमीन पोटखराब, बिल्डरच्या बोलण्यात पडीक आणि घर शोधणाऱ्या नव्या जोडप्यासाठी हिल व्ह्यू. टेकडीचा शत्रू बिल्डर नाही, एप्रिल आहे, असं काकांचं म्हणणं. या महिन्यात तिला पाहून कोणालाही वाटतं, इथे काहीच नाही, बांधलं तर बिघडलं काय? मग ते खाली वाकतात, गवताचा झुबका काठीनं बाजूला करतात आणि टिटवीची तीन अंडी दाखवतात. दगडांत दगडासारखीच. मी पाय टाकणार होतो त्यापासून हातभर अंतरावर.

या गवतापायी त्यांनी वन खात्यालाही सोडलेलं नाही. पर्यावरण दिन आला की पुढारी टेकडीवर येतात, वडा-पिंपळाची रोपं लावतात, फोटो काढतात, आणि काका त्यावर लेखी हरकत घेतात. माळरान हे माळरानच राहिलं पाहिजे, त्याचं जंगल करायचं नसतं, चंडोल आणि तितर झाडांत राहत नाहीत, वगैरे सात मुद्दे. एका वनाधिकाऱ्यानं शेवटी हात जोडून विचारलं, "काका, तुम्ही झाडांच्या बाजूचे की विरुद्ध?"

"आधी कुठली झाडं ते सांगा."

काकांच्या दिवाणाखाली बावीस फायली आहेत. काकू म्हणतात, दिवाणात गाद्या ठेवायच्या असतात. फायलींमधून जो इतिहास निघतो तो असा. 1997 साली पुणे महापालिकेत 38 गावं आली. 2001 मध्ये त्यातली 15 परत गेली. राहिलेल्या 23 गावांचा आराखडा करताना टेकड्यांवर जैववैविध्य उद्यानाचं आरक्षण टाकलं गेलं. एवढं लांब नाव पुण्यात कोणी घेत नाही, सगळे बीडीपी म्हणतात. क्षेत्र 978 हेक्टर. मग या आरक्षणात चार टक्के बांधकाम चालू द्यावं की अजिबात नको, यावर वर्षानुवर्षं भांडण. माजी महापौर वंदना चव्हाण यांच्यासारखी माणसं टेकड्यांसाठी उभी राहिली, त्यांच्या मागच्या गर्दीत काका होते आणि गर्दीतल्या लोकांच्या घोषणांमधलं व्याकरण दुरुस्त करत होते.

चार टक्क्यांना त्यांचा विरोध का, हे त्यांनी एका तरुण नगरसेवकाला समजावलेलं मी ऐकलं आहे. "तुम्हाला वाटतं, चार म्हणजे चारच. पण त्या चाराकडे जायला रस्ता लागेल की नाही? रस्त्याला दिवे लागतील. दिव्याखाली पाणीपुरीवाला उभा राहील. पाणीपुरीवाल्याला पाणी लागेल. पाण्याची टाकी आली की तुम्ही उद्घाटनाला याल आणि शेजारी विरंगुळा केंद्र मंजूर करून जाल." नगरसेवक ओशाळा झाला. विरंगुळा केंद्राचं पत्र त्याच्या खिशातच होतं.

2015 मध्ये राज्य सरकारनं बीडीपी कायम केलं आणि जमीनमालकांना मोबदला म्हणून आठ टक्के टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरायचा किंवा विकायचा बांधकामाचा हक्क, ठरवला. त्या दिवशी काकांनी सोसायटीत पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात विचारलं, आरक्षित जमिनी पालिका ताब्यात कधी घेणार? तिसाव्या दिवशी उत्तर आलं, माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही. मग वीस रुपयांचा स्टॅम्प आणि पहिलं अपील. पेढ्यांपेक्षा हा खर्च कमी, आणि टिकतो जास्त.

हरकत लिहिणं ही त्यांची खरी कला. 1966 च्या नगररचना कायद्यानं सामान्य माणसाला दिलेली ही एक फट. सरकारला किंवा पालिकेला आराखडा करायचा किंवा बदलायचा असेल तर जाहीर सूचना द्यावी लागते, हरकती मागवाव्या लागतात, सुनावणी घ्यावी लागते. सूचना वर्तमानपत्रात अशा जागी छापतात की तिच्यावर डोळा जाऊ नये. वर हरवले-सापडले, खाली नाव बदललं. काका पेपर तिथूनच वाचायला लागतात. संपादकीयाकडे बहुतेक पोचतच नाहीत. कलम 37 खालचा फेरबदल दिसला की चहाचा कप खाली ठेवतात. "टेकडी कधीही मोठ्या फेरबदलात जात नाही," ते म्हणतात. "जाते ती किरकोळ फेरबदलात."

मग मसुदा तयार होतो. मुद्दे क्रमांकानं. पहिला नेहमी कायद्याचा, दुसरा पाण्याचा, तिसरा उताराचा. मोर सातव्या क्रमांकावर, कारण मोर वर घेतला की अधिकारी हसतात. खाली नाव, पत्ता, सही यांसाठी रिकामी जागा. झेरॉक्सच्या दुकानातून गठ्ठा येतो आणि सोसायटीतल्या प्रत्येकाच्या दारातून आत जातो. 2013 मध्ये जुन्या हद्दीच्या आराखड्यावर पुणेकरांनी 87 हजारांच्या आसपास हरकती घेतल्या. त्यांत काकांच्या मसुद्याची किती पोरं-नातवंडं होती, हे मोजायला त्यांना फार आवडलं असतं. काकूंच्या नावानं गेलेल्या हरकतीवर काकूंची सही मात्र काकांच्या अक्षरात होती. काकूंनी त्यावर तोंडी हरकत घेतली. "आमच्या मोरीतला नळ तीन महिने गळतोय. त्याचा मसुदा कधी?"

हरकत द्यायला ते स्वतः जातात. आवक-जावकच्या खिडकीत दोन प्रती सरकवायच्या, एकीवर शिक्का आणि सही घ्यायची. ही पोच हातात पडली की काकांच्या चेहऱ्यावर जे येतं ते मी लोकांच्या चेहऱ्यावर आळंदीला पाहिलं आहे. शिक्क्यावरची तारीख पुसट उमटली असेल तर ते पुन्हा मारायला लावतात. खिडकीतली बाई त्यांना पाहूनच शाईचा पॅड उघडते.

आता उताराची गोष्ट. नियम असा की एकास पाचपेक्षा तीव्र उतारावर बांधकाम करता येत नाही. पाच मीटर आडवं जाताना एक मीटरपेक्षा जास्त चढ असेल तर तिथे वीट ठेवायची नाही. ज्या जागेवर इमारतीचा बेत होता तिथला उतार सपाटच आहे असं कोणाच्या तरी कागदावर आलं, आणि काकांनी मला रविवारी सकाळी बोलावून घेतलं. गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी त्यांनी आणली होती. एक टोक माझ्या हातात, दुसरं त्यांच्या. मी वर उभा, ते खाली. नळीतलं पाणी दोन्हीकडे एका पातळीला येईपर्यंत हलायचं नाही. पायमोज्यांत कुसळं घुसली होती, मानेवर ऊन होतं आणि नळीत हवेचा बुडबुडा अडकला होता. काका ओरडले, "नळीला टिचक्या मारा!" मारल्या. बुडबुडा गेला, पाणी थरथरत थांबलं, त्यांनी काठीवर पेन्सिलनं खूण केली आणि टेप लावली. पाच मीटरला एक मीटर बत्तीस.

तेवढ्यात खालून एक मुकादम आला. नम्र माणूस. म्हणाला, "कशाला उन्हात त्रास घेता? पुढच्या महिन्यात मोजा, तवर सपाट होईल." खाली राडारोड्याचे ट्रक रिकामे होतच होते. पायथ्याशी भर टाकायची, माथ्याकडून जेसीबीनं खरवडायचं. उतारच राहिला नाही तर नियम कशाला लागणार? काकांनी त्याचं हे वाक्य तिथेच वहीत टिपलं, वेळेसकट, आणि हरकतीत चौथा मुद्दा म्हणून घातलं.

सुनावणीला मी त्यांची पिशवी धरायला गेलो होतो. कायद्यानं नेमलेली समिती असते, स्थायी समितीचे तीन सभासद आणि बाहेरचे तज्ज्ञ. दिवसभरात शेकडो लोक ऐकायचे, त्यामुळे प्रत्येकाला दोन मिनिटं. काकांकडे चौदा मुद्दे. दोन मिनिटांत ते प्रस्तावनेतून बाहेर पडले आणि घंटी वाजली. "उरलेलं लेखी द्या." "लेखी दिलंय." "मग झालंच की." काका पोच दाखवत बाहेर आले.

बाहेर बाकावर तात्या बसले होते. पांढरी टोपी, गुडघ्यावर सात-बारा. त्यांच्या अडीच एकरावर आरक्षण पडलेलं, म्हणजे काकांच्या विरुद्ध पक्षाचे. तंबाखू मळता मळता म्हणाले, "काय सायेब, घेतली का आमच्यावर हरकत?"

"तुमच्यावर नाही हो तात्या. बांधकामावर."

"जिमीन माझी, बांधकाम माझ्या जिमिनीवर, आन् हरकत माझ्यावर न्हाई. बरंय." त्यांनी तंबाखू दाढेखाली धरली. "तुमी फिराया येता, शेंगा खाता, मोर बघता. तिथं आमचा आजा शेरडं चारायचा. पोरीच्या लग्नाला इकावी म्हनलं तर घेनारा म्हनतो, ह्यावर आरक्षन हाय. सरकार म्हनतं, आठ टक्क्याचा कागूद घे. माझ्या शंभर गुंठ्याला आठ गुंठ्याचा कागूद. फुलपाखरं पाळायचीच हाईत, तर तुमच्या गच्चीवर टाका की आरक्षन. लई येतील."

काकांच्या वहीत या मुद्द्याला उत्तर नव्हतं. परतताना रिक्षात ते गप्प होते, जे मी आधी कधी पाहिलेलं नव्हतं. पुढच्या मसुद्यात मात्र पंधरावा मुद्दा आला. जमीनमालकांना 2013 च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे पूर्ण रोख मोबदला मिळावा. ती प्रत त्यांनी तात्यांना नेऊन दिली. तात्यांनी ती वाचली, चष्मा काढला आणि विचारलं, "ह्यो पंधरावा का? पयला का न्हाई?" आता तो दुसरा आहे. पाणी तिसऱ्यावर गेलं, उतार चौथ्यावर. पहिला कायद्याचा, तो हलत नाही.

मध्ये तीन महिने काका लेकीकडे इंग्लंडला गेले. हर्टफर्डशरमध्ये, लंडनच्या वर. आम्हाला वाटलं, टेकडीला आणि समितीला सुट्टी. तिसऱ्याच आठवड्यात फोन आला. फिरायला गेले असताना दिव्याच्या खांबावर त्यांना एक नोटीस चिकटवलेली दिसली होती. मागच्या शेतात घरं बांधायची आहेत, कोणाचं काही म्हणणं असेल तर एकवीस दिवसांत कळवा. "अरे, खांबावर लावतात! रस्त्यात! वाचता येईल अशा अक्षरात!" त्यांचा गळा दाटून आला होता.

त्या नोटिशीखाली त्यांना तिथले काका भेटले. मेणकापडी कोट, काठी, कुत्रा, पिशवीत नकाशा. दोघांना एकमेकांचं इंग्रजी अर्धंच कळत होतं, बाकीचं नकाशावर बोट ठेवून भागलं. त्या गृहस्थांनी सांगितलं की लंडनभोवती हरित पट्टा राखण्याचा कायदा 1938 चा, आणि आज इंग्लंडचा जवळजवळ आठवा हिस्सा अशा पट्ट्यांखाली आहे. पट्टा सुंदर असावा अशी अटच नाही. शहर फुगू नये, शेजारच्या गावाला चिकटू नये, एवढ्यासाठी तो राखायचा. मग तिथे नुसतं चिखलाचं शेत असलं तरी चालेल. काकांना हे इतकं पटलं की एप्रिलातल्या टेकडीवर आता ते कोणाची माफी मागत नाहीत.

पण तिथेही किरकोळ फेरबदल निघालाच. डिसेंबर 2024 च्या नव्या धोरणात हिरव्या पट्ट्यातल्या काही जमिनी करड्या ठरवायची सोय झाली. जुने पेट्रोलपंप, वाहनतळ आणि पट्ट्याचं काम नीट न करणाऱ्या जागा. घरांची टंचाई आहे, तरुणांनी राहायचं कुठे, हा तिथल्या सरकारचा सवाल. काका म्हणाले, "आपल्याकडे हिरव्याचं पिवळं करतात, त्यांच्याकडे हिरव्याचं करडं. रंगाची पेटी कोणाच्या हातात, एवढंच बघायचं." त्यांच्या लेकीचं याबाबत वेगळं मत होतं. ती सात वर्षं भाड्याच्या घरात राहते, आणि त्या शेतातल्या घरांसाठी तिनं नाव नोंदवलेलं होतं. बापलेकीचं दोन दिवस बोलणं बंद होतं.

आणखी एक धक्का त्यांना तिथे बसला. माझ्या खिडकीतून दिसणारं दृश्य जातं, ही तक्रार इंग्लंडच्या नियोजनात मोजतच नाहीत. सावली पडते, रस्त्यावर गर्दी होते, पूर येतो, हे चालतं. दृश्य नाही. काकांनी परत आल्याबरोबर स्वतःच्या सगळ्या जुन्या मसुद्यांमधून दृश्य काढून टाकलं. अकरा ठिकाणी होतं.

या माणसाला हरवायचं असेल तर एकच उपाय आहे आणि तो सगळ्यांना ठाऊक आहे. सूचना छापायचीच नाही. जोडून सुट्ट्या आल्या की शुक्रवारी संध्याकाळी टेकडीच्या पलीकडच्या अंगाला विटा येतात, मंगळवारी कचेऱ्या उघडेपर्यंत भिंती उभ्या, वर पत्रे, आत देवाचा फोटो आणि मीटरसाठी अर्ज. अर्धा अर्धा गुंठा, नोटरीच्या कागदावर. तिथे काका काठी घेऊन उभे राहतात आणि त्यांना काय करावं कळत नाही. हरकत घ्यायला समोर प्रस्ताव लागतो, क्रमांक लागतो, मुदत लागते. समोर असते ती कडेवर पोर घेतलेली बाई, आणि ती विचारते, "पाणी पाहिजे का बाबा?" काका पाणी पितात. मग घरी येऊन अतिक्रमण विभागाला पत्र लिहितात, पण त्या पत्रांत त्यांची नेहमीची धार नसते. मुद्दे चारच होतात.

या वर्षी आमची सोसायटी पुनर्विकासाला गेली. चार मजल्यांचे चौदा होणार. प्रत्येकाला वाढीव जागा, काकूंना न गळणारा नळ, काकांना फायलींसाठी एक खोली. जादा मजल्यांसाठी विकसकानं बाजारातून टीडीआर घेतला. काकांनी तपासनिसाच्या सवयीनं त्याचे कागद मागवले आणि रात्री बाराला मला बोलावलं. त्यात बीडीपीचा टीडीआर होता. कुठल्या तरी तात्यांचा आठ टक्क्यांचा कागद काकांच्या फायलींच्या खोलीत जिरणार होता.

"म्हणजे टेकडी वाचली म्हणून ही खोली मिळाली," मी म्हणालो.

"हो. आणि खोली मिळाली म्हणून मागच्यांचा डोंगर गेला," असं म्हणून त्यांनी खिडकी उघडली. मागे नवी सोसायटी आहे, सगळी आयटीतली तरुण मंडळी.

आठवड्याभरात मागच्या सोसायटीतला एक मुलगा बेल वाजवून आत आला. हातात दोन पानं, चौदा मजल्यांना हरकत. तो काकांनाच दाखवायला आला होता, कारण सगळ्यांनी त्याला सांगितलं होतं, हरकत लिहायची तर तिसऱ्या मजल्यावरच्या काकांकडून तपासून घे. आपण कोणाच्या इमारतीवर हरकत घेतोय हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं. काकूंच्या आलं. त्या चहा ठेवायला गेल्या त्या परत बाहेर आल्या नाहीत.

काकांनी चष्मा लावला. मसुदा त्यांचाच होता, 2013 चा, कुठून कुठून फिरून आलेला. मोर अजून सातव्यावर होता. त्यांनी लाल पेन काढलं.

"हा पहिला मुद्दा दृश्याचा घेतलाय तुम्ही. काढा. तो टिकत नाही. त्याऐवजी अग्निशामक दलाची गाडी वळायला जागा किती सुटते ते विचारा. आमच्या नकाशात ती कमी पडते, मी मोजलंय." त्यांनी समासात आकडा लिहिला. "सावलीचा तक्ता जोडा. दोन प्रती करा, पोच घ्या. आणि शुक्रवारच्या आत जा, शनिवारी खिडकी बंद असते."

मुलगा भारावून गेला. जाताना त्यानं विचारलं, "काका, तुमची पण सही घेऊ का यावर?"

काकांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे एकदा पाहिलं आणि मसुद्यावरचा पाचवा मुद्दा पुन्हा वाचायला घेतला.